ओहोटीची वेळ

"पण परत कसं येणार?" विक्रांतनं तिसऱ्यांदा विचारलं.

जेवणाच्या टेबलावर कुमुदिनीबाईंनी हातानं काढलेला नकाशा पसरला होता. कोकणातला किनारा आणि त्याच्या कडेकडेनं लाल पेनची रेघ. सात किलोमीटरची पायवाट. आधी कातळ, मग वाळूचा पट्टा, शेवटी खाडी आणि होडी.

"अरे, होडीतून उतरलं की पलीकडे गाव. तिथून रिक्षा करायची, थेट स्टेशन," त्या म्हणाल्या. "त्या वाटेनं मागे फिरायचंच नाही. तो पट्टा ओहोटीलाच उघडा पडतो. आपण जातोय त्या दिवशी दहानंतर पाणी चढणार."

"आणि चौसष्टाव्या वर्षी तुला हे सुचलंय!"

"सुचायला काय वय लागतं का रे?"

नोएडातल्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात संपदा पोळ्या करत होती. हात तव्यावर आणि कान टेबलाकडे. पार्कात दोन फेऱ्या मारल्या की धापा टाकणाऱ्या सासूबाईंच्या डोक्यात हे आलं कुठून, तिला काही कळेना. पण समुद्र! एक दिवस, फक्त एक दिवस आपल्यालाही नेलं तर? तीन वर्षांत ती एकटी सोसायटीच्या गेटबाहेर पडली नव्हती.

"संपदा येईल सोबत," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "बॅग उचलायला कुणीतरी हवंच."

संपदाची पोळी करपली.

"अच्छा, म्हणजे मॅडमना फिरायचंय," विक्रांत म्हणाला.

"तिला कोण विचारतंय? मला जायचंय."

विक्रांतनं जरा वेळ नकाशा पाहिला. "चलो, ठीक आहे. पण रविवारी घरी."

सासूबाई म्हणजे विक्रांतचा दुसरा डोळा, असं संपदानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर त्यानं तिला शाळेतली नोकरी सोडायला लावली, तेव्हा त्या गप्प होत्या. गेल्या आठवड्यात तो बाहेरून कुलूप लावून ऑफिसला गेला, तेव्हाही गप्पच. संपदा आत अडकलेली, आणि पार्कातून परतलेल्या कुमुदिनीबाई दोन तास दाराबाहेर जिन्यावर बसून. "चुकून लागलं यार," परत येऊन कुलूप उघडताना विक्रांत म्हणाला. "असं होय," एवढंच त्या बोलल्या. आणि दुसऱ्याच दिवशी हे समुद्राचं खूळ काढलं.

मग तयारी सुरू झाली. दोघी मेट्रोनं करोल बागेत गेल्या आणि बूट घेऊन आल्या. एकच जोड, तोही संपदाच्या मापाचा.

"आई, तुमचे?"

"माझे जुने आहेत की. तिथं खडक निसरडे आहेत, तू नीट चाल म्हणजे झालं."

पाठीवरची सॅक तर एवढी मोठी घेतली, की संपदाला हसू आलं. "एका दिवसाच्या चालण्याला एवढी?"

"सगळं मावलं पाहिजे गं."

रोज सकाळी सोसायटीचे नऊ मजले चढायचे, असाही हुकूम निघाला. चढायची संपदा. कुमुदिनीबाई खाली बाकावर घड्याळ घेऊन बसायच्या. "आज सहा मिनिटं. अजून कमी कर." आपण निव्वळ हमाल आहोत, हे संपदानं मान्य करून टाकलं. समुद्र दिसणार असेल, तर हमाली काय वाईट?

हॉटेलात आधार कार्ड लागतं, म्हणून कुमुदिनीबाईंनी विक्रांतच्या कपाटाची किल्ली मागितली. आणि संपदाच्या कागदपत्रांची सबंध फाईलच उचलून आणली.

"आई, पूरी फाईल कशाला?"

"मग तू बस त्यात शोधत! माझा चष्मा सापडत नाहीये."

"पलीकडच्या गावात जेवायचं कुठे?" संपदानं एकदा विचारलं.

"माझी वर्गमैत्रीण शाळा चालवते तिथं. तिच्याकडे. कधीही फोन करा, तेच रडगाणं. विज्ञानाला शिक्षक टिकत नाही."

संपदाला आपला विज्ञानाचा वर्ग आठवला, खडूनं पांढरी झालेली बोटं आठवली. ती कणीक जरा जोरातच मळू लागली.

गुरुवारी सकाळी विक्रांत दोघींना निजामुद्दीन स्टेशनवर सोडायला आला.

"लोकेशन ऑन ठेव," तो संपदाला म्हणाला.

"तिचा फोन घरीच ठेवलाय मी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "खाऱ्या पाण्यात पडला, तर तूच बोंब मारशील. माझा आहे ना?"

विक्रांतच्या कपाळावर आठी उमटली. आता नको म्हणतो की काय!

"तू पण ना, आई," तो अखेर म्हणाला. "परतीचं तिकीट नक्की काढलंयस?"

"काढलंय रे बाबा. रविवारी घरी."

गाडी सुटली. फरिदाबाद मागे पडलं. मग संपदानं धीर केला. "आई, खरं सांगा. तुम्हाला समुद्र एवढा आवडतो?"

"मला? छे गं! त्या वासानंच मळमळतं मला."

"मग हे सगळं?"

कुमुदिनीबाईंनी पर्समधून कागदांचा गठ्ठा काढून तिच्या हातात दिला. "वेळा वाच. दहाच्या आत वाळूचा पट्टा ओलांडायचा. पाठ करून टाक."

संपदानं कागद उलटले. भरती-ओहोटीच्या वेळा. मग तो नकाशा. त्यावरची लाल रेघ आता होडीपाशी थांबत नव्हती. ती गावातल्या शाळेच्या चौकटीत जाऊन संपली होती. त्याखाली जायचं तिकीट, दोघींच्या नावाचं. आणि सगळ्यात शेवटी परतीचं.

त्यावर प्रवासी एकच होता. कुमुदिनी, वय चौसष्ट, खालचा बर्थ.