लपवलेला चेहरा

फोटो घरच्याच कंप्युटरवर जपून ठेवायला कटंगीच्या प्रीतमने तीन सॉफ्टवेअर लावून पाहिली. एखाद्या माणसाचे सगळे फोटो लपवता येतील, असं त्याने निवडलं. धाकटी बहीण अंजू वारल्याला वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून आईने तिचं नावही काढलं नव्हतं. आईच्या मोबाइलमधले सगळे फोटो त्याने कंप्युटरवर हलवले, अंजूचा चेहरा लपवला, कंप्युटरवरचे बाकीचे फोटो मोबाइलवर दिसतील असं करून दिलं आणि मोबाइल आईला परत दिला.

जेवण झाल्यावर आई बराच वेळ मोबाइलवर बोट फिरवत राहिली.

“काय शोधून राह्यली, माय?”

“रोज याच वक्ताले तिले पाहत होती मी,” आई म्हणाली. “इथूनही घेऊन गेले काय रे तिले?”