ट्रकला थंडी

खैरुद्दीननं खटका पुन्हा ओढला आणि खटका पुन्हा, नव्या नवरीसारखा, हळूच आत गेला. इंजिन खोकलं. ट्रक नाकापासून शेपटापर्यंत थरथरला.

"मरू नको बाई, आज नको," असं म्हणत त्यानं घाईनं पेडलवर पाय दिला. जयगडच्या खाडीत त्यानं अर्धं आयुष्य लाँच चालवली होती. लाँच बाई असते, म्हणून ट्रकही बाई.

अल ऐनच्या वाळवंटात डिसेंबरातली पहाट एवढी बोचरी असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या गावात थंडी म्हणजे म्हाताऱ्यांना कानटोपी घालायचं निमित्त. इथं डिझेलच गारठत होतं. बॅटरीनं तर कधीच मान टाकलेली. अंधार फिटताना सहा जणांनी उतारावर ढकलून ट्रक जागा केला होता. आता इंजिन तापेपर्यंत ते चढ्या आवाजात फिरत ठेवायचं, एवढंच काम. त्यासाठीच तो खटका होता; ओढून ठेवला की पाय न देता इंजिन जोरात चालत राहतं. हा मात्र झिजून गुळगुळीत झालेला.

मालक हमीदनं काल सांगून ठेवलं होतं, "दोनदा रस्त्यात बंद पडलास. उद्या मी येईन तेव्हा इंजिन गरम नसलं, तर खलास. दुबईहून बोटीत बसायचं आणि घरी."

खैरुद्दीननं खिशातून मासेमारीची दोरी काढली. खटका बाहेर ओढून धरला आणि सीटच्या लोखंडाला करकचून बांधला. बापानं शिकवलेली गाठ होती ती; जितकी हलवाल तितकी आवळते. इंजिन एका सुरात गर्जायला लागलं. त्यानं पाय काढून बघितला. गर्जना तशीच. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं स्वतःचा पाय चोळला.

खिडकीत वली उगवला. वली श्रीवर्धनचा, कॅम्पचा आचारी, हातात कांदे कापायची सुरी.

"काय तांडेल, गलबत निघालं?"

"निघालं नाही. तापतंय."

"कुणावर?"

"वली, सकाळी सकाळी डोकं खाऊ नको."

"नाही खात. मागे बघ फक्त."

खैरुद्दीननं मागे बघितलं. खजुराच्या गोण्यांवर सहा जण घोंगड्या पांघरून बसले होते. त्यांच्याशिवाय एक म्हातारी. म्हातारीच्या मांडीत शेळी.

"अरे, हे कोण?"

"ढकलणारे. इंजिनाचा आवाज चढला, म्हणजे गाडी सुटली, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्यानं ढकललं तो बसणार."

"म्हातारीनं ढकललं?"

"म्हातारी ओरडत होती ना, कसं ढकलायचं ते."

"आणि शेळी?"

"शेळी म्हातारीची."

खैरुद्दीन शेळीला उतरवायला दार उघडणार, तोच समोरून हमीद येताना दिसला, डोक्याचा रुमाल नाकापर्यंत गुंडाळलेला. खैरुद्दीनची बोटं धावत खटक्याकडे गेली. इंजिन तापलं होतं. आता आवाज उतरवायचा, शहाण्यासारखं गिअर टाकायचा आणि निघायचं. पण इंजिनाच्या थरथरीनं गाठ आवळून दगड झाली होती आणि थंडीनं त्याची बोटं लाकडाची. नखं लावली. दात लावले. दोरीला खारट मासळीची चव होती. क्षणभर घर आठवलं, मग गाठ आठवली.

"सरक, कापतो," वली म्हणाला.

"सुरी आत आणू नको!" खैरुद्दीन किंचाळला. "निघताना दोरीला सुरी?"

"अल्ला!" वलीनं सुरी झटकन पाठीमागे लपवली. तोही खाडीकाठचाच. बोट सुटताना दोर सोडायचा असतो, कापायचा नसतो. कापला की कुणीतरी परत येत नाही. हे ट्रकला लागू आहे का, असा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडला नाही.

हमीदनं बॉनेटवर पंजा ठेवला. ठेवलेलाच राहू दिला. त्यालाही थंडी होतीच.

"गरम," तो म्हणाला.

"गरम, अरबाब."

हमीदनं मागची माणसं पाहिली, शेळी पाहिली. बहुतेक ही भारतीय पद्धत असावी, असं समजून तो खैरुद्दीनच्या शेजारी चढून बसला.

"अबू धाबी. यल्ला."

खैरुद्दीननं क्लच दाबला आणि डोळे मिटून गिअर ढकलला. दात काढावेत तसा आवाज झाला. ट्रकनं उडी मारली. मागून शेळीनं आपलं मत दिलं. आणि ट्रक चालू लागला. नुसता नाही, ऐटीत. आरशात वली लहान होत गेला, एक हात अजून पाठीमागेच.

समोर वाळू, वाळूच्या पुढे वाळू. उजव्या पायाला काही कामच उरलं नव्हतं. खैरुद्दीननं तो आधी बाजूला ठेवला, मग मागे घेतला. कुठंच बरं वाटेना.

हमीद बराच वेळ त्या पायाकडे बघत होता.

"पाय न लावता चालवतोस?"

"हो, अरबाब."

"असा ड्रायव्हर मी पाहिला नाही." हमीदनं नाकावरचा रुमाल खाली ओढला. "आता तुला घरी जायला नको. राहा. इथंच राहा."

खैरुद्दीननं मान हलवली. घरी नेणारी ती बोट छातीवरून उतरली. शेजारी गाठ थरथरत होती, आणखी आवळत होती.

थोड्या वेळानं हमीदनं विचारलं, "आणि थांबवतोस कसा?"

खैरुद्दीननं समोर, जिथं किनारा असायला हवा होता, तिथं बघितलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.