कुळाची पोथी

आमच्या झुआंग कुळाची पोथी, म्हणजे पुरुषांची वंशावळ, तीस वर्षांनी नव्याने छापायची होती. या खेपेला वडीलधाऱ्यांचा हट्ट, की प्रत्येक पुरुषाची थुंकी तपासायची आणि बापाकडून मुलात उतरणारी खूण जुळली तरच नाव चढवायचं. नवऱ्याची खूण साऱ्या गावाशी जुळली. आमच्या चोवीस वर्षांच्या मुलाची, चंगयेची, कुणाशीच जुळली नाही.

"बोल, कुणाचं पाप माझ्या गळ्यात बांधलंस?" नवऱ्याने भर अंगणात विचारलं. सासूबाई शेजारीच सुपातल्या चहाच्या पानांतून काड्या निवडत होत्या.

"आईचीही खूण लेकरात उतरते म्हणे. माझी तपासा," मी म्हणाले. "नऊ महिने पोटात वाढवलंय मी त्याला. माझीही जुळली नाही, तर तपासणीच खोटी!"

माझीही जुळली नाही.

"बघ, तपासणीच खोटी निघाली!" नवरा खुशीत हसला. मीही हसणार होते, तेवढ्यात सुपातले सासूबाईंचे हात थांबलेले दिसले. माझं बाळंतपण घरीच झालं होतं, एकट्या त्यांच्याच हातून.

"आई, मला मुलगी झाली होती का?"

त्या पुन्हा काड्या निवडू लागल्या.

"कुणाला दिलीत तिला? नाव तरी सांगा."

सासूबाईंनी एक काडी उचलून बाजूला टाकली.

"आता कुठलं आठवणार? मुलींची नोंद कोण ठेवतं गं?"