हलणारं हँडल

"हे हँडल फारच लवतं," घाट उतरल्यापासून ह्यांचं एकच पालुपद. लांबच्या प्रवासात मनगटांना आराम हवा, म्हणून हौसेनं बसवलेलं, जरासं लवणारं हँडल. आता म्हणे, सारखं थरथरतं.

आधीच उन्हानं जीव मेटाकुटीला आलेला, त्यात ही कटकट. शेवटी मी वैतागले. "अहो, द्या तुमची सायकल इकडे. माझी घ्या." माझं हँडल जुनं, लोखंडी. तसूभरही लवत नाही.

रस्ता नवा, गुळगुळीत होता. ह्यांचं हँडल माझ्या हातात शांत राहिलं, मनगटं उलट सुखावली. मी शेजारी पाहिलं. माझं लोखंडी हँडल ह्यांच्या हातांत थरथरत होतं.

चहाच्या टपरीशी हे उतरले. दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय? हलतं ना?"

"हलतं हो. हात भरून आले माझे. मला नाही झेपत आता. सायकली एसटीच्या टपावर टाकू आणि घरी जाऊ."

"बरं," हे लगेच म्हणाले. मग हळूच, "पण मुलांना सांगताना, तू दमलीस म्हणून सांग हं."