पाणी पिण्यापुरता वेळ

“कुठे चाललात?” जेवणाच्या टेबलामागून रुपालीने विचारलं, आणि तिच्या सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, चाकांची बॅग तिथेच सोडली. त्या परत फिरल्या, सोफ्यावर टेकल्या आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“अहो आई, सरावापुरती मी विमानतळावरची बाई झालेय. ती विचारणारच.”

“तिला इचारू दे. मी पानी पिऊनच निंगन.”

रुपालीने कपाळाला हात लावला. निघणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये, हे शीळफाट्याच्या आसपास घरोघरी पाळतात. कुणी चुकून विचारलंच, तर निघणारा घटकाभर बसतो, घोटभर पाणी पितो आणि पुन्हा निघतो. पण सगुणाबाईंचं पाळणं भलतंच कडक. रिक्षावाल्याने “कुठे जायचं?” म्हटलं की त्या उतरून थेट घरी येत. रिक्षावाल्याने विचारायचं तरी काय, हा प्रश्न त्यांच्या लेखी रिक्षावाल्याचा होता. त्यांचा नवरा काळुराम मिठागराचा बांध राखायचा. एका अमावास्येच्या उधाणात बांधावर गेला तो परत आला नाही. धाकटी अक्षदा तेव्हा पोटात होती. तेव्हापासूनचं हे सगळं. स्वतः सगुणाबाईंनीही त्यानंतर कुणाला ‘कुठे’ म्हणून विचारलं नाही. अक्षदा लग्न होऊन डब्लिनला निघाली, तेव्हाही त्यांनी फक्त तिच्या हातावर दही ठेवलं होतं.

त्याच अक्षदाचे आता दिवस भरत आले होते. आधी दोनदा होत्याचं नव्हतं झालेलं. “वहिनी, या वेळी मला आई हवी,” एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि रुपाली तिकिटं शोधायला बसली. मुंबईहून दोहा, तिथे विमान बदलायचं, पुढे डब्लिन. दोह्याला दीड तासात बदलायची सोय स्वस्तात मिळत होती. रुपालीने ती बघितलीसुद्धा नाही. तिने पाच तासांची घेतली.

“पाच तास आई तिथे काय करणार?” नयन, तिचा नवरा, वैतागला.

“पाणी पिणार,” रुपाली म्हणाली.

तिने व्हीलचेअर सांगून ठेवली. सगुणाबाईंच्या गळ्यात एक पाटी अडकवली, इंग्रजीत आणि हिंदीत: ‘मला कुठे जायचंय ते विचारू नका, तिकीट बघा.’ जायच्या दिवशी विमानतळाच्या दारावरच्या जवानाने ती पाटी नीट वाचली, मान डोलावली आणि मोठ्या अदबीने विचारलं, “तो माताजी, कहाँ जाना है?”

सगुणाबाई परत फिरल्या. बॅगेवर बसून त्या पाणी प्यायल्या. भाषा कुठलीही असो, कुठे ते कुठेच. रुपालीला हसू आवरेना. हे सगळं तिने धरलेलं होतं.

धुळीचं वादळ तेवढं तिने धरलेलं नव्हतं. तिकडे दोह्याला वादळ उठलं आणि इकडे विमान चार तासांहून जास्त वेळ जमिनीवर उभं राहिलं. पाच तासांचा जेमतेम पाऊण तास उरला. व्हीलचेअर, तपासणी, काउंटर आणि प्रत्येक ठिकाणी एकेक ‘कुठे’. डब्लिनचं विमान चुकलं, तर त्या दिवशी तिकडे जाणारं आणखी विमान नव्हतं. रुपाली घरी येऊन टेबलाशी बसली, तर अक्षदाचा फोन.

“वहिनी, कळा सुरू झाल्यात. आई बसली का दुसऱ्या विमानात?”

“बसेल गं,” रुपाली म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. तिला डोळ्यांसमोर दिसत होतं: परक्या देशातलं एक बाकडं, त्यावर बसून शांतपणे पाणी पिणाऱ्या सासूबाई, आणि काचेपलीकडे निघून जाणारं विमान. आपण पाच तासांचे लाड केले नसते, त्यांना आधीच दटावलं असतं तर, असं तिला वाटून गेलं. तिला रडू आलं.

फोन वाजला. परदेशातला नंबर होता.

“रुपाली? शेजारच्या बाईनं फोन दिलाय. मी इमानात बसले. दुसऱ्या.”

रुपाली उभीच राहिली. “आई! म्हणजे तिथे कुणी विचारलं नाही तुम्हाला?”

“तिघांनी इचारलं. एका पोरीनं तर हात धरून इचारलं.”

“मग?”

“मग काय? खुर्चीवरनं उठले, अक्षदाचं नाव घेतलं नि पलत पुढं झाले. मागं नाय फिरले.”

बत्तीस-तेहतीस वर्षं जी बाई एका शब्दाला अडून उंबऱ्यातून परत फिरत आली, ती तीन वेळा तो शब्द ऐकून एकटी पुढे गेली होती. आपण जिला धडे देत होतो ती ही कोण, असं तिला वाटलं.

विमानाच्या घरघरीतून सगुणाबाईंचा आवाज आला.

“रुपाली, त्या दिशी मीच इचारलेलं तुज्या सासऱ्याला. भाकरी थापत व्हते, तोंडातनं गेलं, कुठं चाललाव? तो पानी प्याया परत फिरला नाय, तसाच गेला. मना वाटं, माज्या इचारन्यानंच गेला. कुनाला कदी बोलले नाय मी.”

“आई...”

“आज पलताना कललं गं. बांध फुटलेला, मानसं पलीकडं अडकलेली. त्याला बी पानी प्याया येल नव्हता.”