दुसरा नकाशा

"पहिला नकाशा कुठं घातलास?" कानावरची पेन्सिल काढत अव्राहामकाकांनी विचारलं.

"हरवला, काका," रविकांत म्हणाला.

"हरवला? चार महिने पण नाय झाले, किती बेस्ट काढून दिलेला." कुरकुरतच काकांनी कोरा कागद ओढला आणि मृत समुद्राचा किनारा एका रेघेत काढून टाकला.

अव्राहामकाका मूळचे रेवदंड्याचे मराठी ज्यू. एकसष्ट साली यरुशलेमला आले आणि तीस वर्षं त्यांनी मृत समुद्राच्या रस्त्यावर बस चालवली. मिलुइमला, म्हणजे राखीव सैनिकाच्या ड्युटीला गेले असताना त्यांना बोरूच्या रानात लपलेली गरम पाण्याची दोन कुंडं सापडली होती. तिथं ना रस्ता, ना पाटी. कड्याखालून तीन तास चालत जायचं. आता शुक्रवारची दुपार होती, सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत त्यांना घर गाठायचं होतं, म्हणून पेन्सिल भरभर चालली होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रविकांतची बायको उषा रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासत होती. पहिल्या नकाशाची गोष्ट तिला नवीन होती, आणि ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे तोंडानं नाही नाही म्हणत होते, तरी दिवाळीच्या सुमारासच यांनी काकांना गाठून वाट विचारून ठेवली होती. तिच्यासाठी. कोल्हापूरची शाळेतली नोकरी सोडून ती नवऱ्याच्या संशोधनापायी इथं आली होती. दोन वर्षं घरात बसून तिनं हट्ट धरला तो एवढाच. दोघांनी पाठीला पिशव्या लावायच्या, चालत जायचं, वाळवंटातल्या गरम पाण्यात बसायचं आणि परतताना पाय दुखतात म्हणून एकमेकांवर चिडायचं. रविकांतची कारणं मात्र संपत नव्हती. कधी पुराची भीती, कधी बस नाही. जानेवारीत तर म्हणाला, "जाऊन काय करायचंय? गुडघाभर चिखल आहे नुसता." आता मार्चअखेर भारतात परत जायचं ठरलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली होती.

"अपूर्वा, तूही चल गं," उषा म्हणाली.

कोचावर पाय घेऊन बसलेली अपूर्वा दचकली. ती रविकांतच्याच विभागात पीएच.डी. करत होती. तापानं फणफणली होती तेव्हा उषानंच तिला आठवडाभर घरी ठेवून घेतलं होतं, मऊ भात भरवला होता. "नको उषाताई. थीसिस आहे. आणि मला त्या बाजूची काहीच माहिती नाही, मी कधी गेलेच नाही तिकडं."

"मग तर यायलाच हवं," उषा म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. पैंजण अपूर्वाचेच होते. दिवाळीला उषानंच दिलेले, उषाच्या वडिलांनी हुपरीत स्वतःच्या हातांनी घडवलेले, पांढरेशुभ्र. आज ते काळे ठिक्कर होते. "घामानं झाले बहुतेक," अपूर्वा म्हणाली होती. यरुशलेमच्या या थंडीत कसला घाम, असं उषाच्या मनात आलं होतं. पण प्रत्येकाची प्रकृती वेगळी, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

"इथून डावीकडे ना?" रविकांतनं उजवी करंगळी नकाशावर टेकवली. सासऱ्यांनी लग्नात घातलेली चांदीतल्या मोत्याची अंगठी त्या करंगळीत हल्ली नसे. मातीत सारखे हात घालावे लागतात म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, असं त्यानं डिसेंबरात सांगितलं होतं.

काकांनी काळा चहा संपवला आणि काचेचा पेला खाली ठेवला. "आणि बाय, तू एक ऐक. चांदी-बिंदी घालून पाण्यात उतरू नको. गंधक हाय तिथं. माझी रोझ बांगड्या घालून बसली, पाच मिनिटांत कोळसा. ह्याला त्या टायमाला बोललो नाय. हा बोलला, बायकोला न्यायच्या आधी एकटा जाऊन वाट बघून येतो. एकट्या मरदाला चांदीचं काय सांगायचं?"

ते हसले, टोपी सारखी केली, "शब्बात शालोम, पोरांनो" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

उषाचा हात थांबला. तिनं पैंजण खिडकीच्या उजेडात धरले. काळ्यावर पारव्याच्या मानेसारखी निळसर झाक होती. असा काळा घामानं चढत नाही. हुपरीच्या कारखान्यात वडील मुद्दाम काळं काम करायचे तेव्हा गंधकाच्या पाण्यातून चांदी अशीच बाहेर यायची. लहानपणी तिनं हजारदा पाहिलं होतं. बघताक्षणी ओळखायला हवं होतं, पण ज्यांच्यावर जीव टाकला त्यांच्याकडे तिनं कधी सोनाराच्या नजरेनं पाहिलंच नव्हतं.

गुडघाभर चिखल. ऐकीव गोष्टीतला चिखल कुणी गुडघ्यानं मोजत नाही.

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. अपूर्वा पायाच्या बोटांकडे बघत होती. रविकांत नकाशाची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

उषानं पैंजण फडक्यानं पुसले आणि तसेच, काळेच, नकाशावर ठेवले.

"अहो, रविवारी ऑफिस उघडलं की तिथली अंगठी घेऊन या," ती म्हणाली. "एकाच पाण्यातली चांदी आहे, एकदमच घासते."