दोन दारांचा नियम

"दोन दारं हवीत, मावशी. दूध एका दाराने आत, चीज दुसऱ्याने बाहेर." पान्तेलेयने नियमांचं पुस्तक टेबलावर आपटलं.

राइनामावशी चुलीपुढून हलली नाही. "मागे काय आहे, दिसतंय ना? डोंगर. डोंगराला दार पाडू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"चाळीस वर्षं याच दाराने चीज जातंय. तू त्यावरच पोसलास. तेव्हा नाही विचारलंस, कुठल्या दाराने आलं ते."

पान्तेलेय हसला. अडाणी माणसं. यांना कायदा सांगायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तो निरीक्षक झाला तेव्हा बल्गेरियाच्या या डोंगरी तालुक्यात एकोणीस धंदे होते. बेकरीचं छत वीतभर बुटकं निघालं. सॉसेजवाल्या गेंचोच्या धुराड्याचा नकाशा मंजूर नव्हता. लोकर विंचरणाऱ्या बहिणींच्या मोरीला एकच नळ होता. एकेका दाराला सील लागलं आणि एकेक घर जर्मनीला कोबी तोडायला गेलं. गेले तर गेले. त्याच्या तक्त्यात नियम मोडणारे दरवर्षी कमी होत होते, आणि त्या शहाण्याला तेवढंच दिसत होतं.

आता मावशीचा हा चीजचा कारखाना शेवटचा. हा बंद झाला की तालुका शंभर टक्के निर्दोष, आणि मग राजधानीतली खुर्ची. "तुमच्याबद्दलचा निर्णय झालाय," असं जिल्ह्याचे साहेब फोनवर म्हणालेही होते. बायकोने नवे पडदे बेतायला घेतले होते.

सकाळीच जिल्ह्याहून पाकीट आलं होतं. आत सीलच्या दोन कागदी पट्ट्या आणि एक बंद पत्र. वर लिहिलेलं, 'काम संपल्यावर उघडावे.' कारखाना एक आणि पट्ट्या दोन. तिथल्या गाढवांना एकपर्यंतसुद्धा मोजता येत नाही, असं म्हणून त्याने सगळं खिशात घातलं. पत्र फोडायचा मोह त्यालाही झाला, पण लिहिलं होतं म्हणजे लिहिलं होतं.

मावशीने चीज भरलेल्या बानित्साचा गरम तुकडा पुढे सरकवला. "खा. उद्या मिळायचा नाही."

त्याने खाल्ला आणि बोटंही चाटली.

"इथे कामाला असलेल्या माझ्या पाच बायकांनी काय करायचं रे?"

"जर्मनीत कोबी पुष्कळ आहे."

"आणि तू?"

"माझी काळजी नको. नियम आहेत तोवर निरीक्षक लागतोच."

तिने एप्रन सोडून खिळ्याला अडकवला, चूल विझवली आणि मागे न बघता बाहेर पडली. पाचही बायका तिच्या मागोमाग गेल्या. कुणी त्याला शिवीसुद्धा दिली नाही.

पान्तेलेयने दाराला पट्टी चिकटवली, वर शिक्का मारला आणि शीळ घालत कार्यालय गाठलं. खुर्चीत बसून त्याने आधी केसांवरून कंगवा फिरवला, मग पत्र फोडलं.

'आपल्या तालुक्यात तपासण्याजोगा एकही उद्योग उरलेला नसल्याने निरीक्षकाचे पद आजपासून रद्द करण्यात येत आहे. सोबतची दुसरी पट्टी आपण स्वतः आपल्या कार्यालयाच्या दारास लावावी.'